पुण्याहून थेट अमेरिका का नाही? लांबचा नवीन रूट एअरलाइन कसा ठरवते

प्रश्न असा आहे की पुण्यातून इतके लोक सतत अमेरिका-युरोपला जातात, हिंजवडी-खराडीच्या कुठल्याही सोसायटीत चार घरं सोडून एका घरातलं पोरगं तिकडे असतं, आणि तरी प्रत्येक वेळी संध्याकाळी कॅब करून एक्सप्रेसवेने मुंबई गाठावी लागते, मग एकही एअरलाइन पुण्याहून थेट न्यूयॉर्क किंवा निदान लंडन का सुरू करत नाही, आणि हे कुठे जायचं कुठे नाही ते ठरवतं कोण. मी एकोणीस वर्षं नेटवर्क प्लॅनिंगमध्ये काढलीत, आधी एका भारतीय एअरलाइनमध्ये आणि नंतर आखातातल्या एका, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पहिला प्रश्न 'लोक किती जातात' हा असेल. आमच्या टेबलावर तो पहिला नसतो. पहिला प्रश्न असतो की हे विमान आत्ता जिथे उडतंय तिथून काढून इकडे लावलं तर जास्त पैसे मिळतील का? मोठी विमानं कुणाकडेच जास्तीची पडून नसतात. बोइंग ७८७-९ सारखं विमान भाड्याने घ्यायचं तर महिन्याला साधारण दहा लाख डॉलर जातात, उडालं तरी आणि उभं राहिलं तरी. म्हणून पुणे-न्यूयॉर्कची तुलना 'काहीच न करणं' याच्याशी होत नाही, ती होते मुंबई-लंडनशी किंवा दिल्ली-मेलबर्नशी, म्हणजे जिथे तेच विमान आज भरून चाललंय त्या रूटशी.

हे आकड्यात बघू. मुंबई-लंडन जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, सामान, नवीन क्रू यासाठी दोन-दोन तास धरले तर बावीस-तेवीस तासांत विमान परत मुंबईत तयार. म्हणजे एका विमानात रोजची लंडन फ्लाइट कशीबशी बसते. आता मुंबई-न्यूयॉर्क घ्या, जाताना सोळा तास, येताना साडेचौदा-पंधरा, टर्नअराउंड, म्हणजे दोन्ही टोकांना विमान परत तयार करायचा वेळ, धरून चौतीस-पस्तीस तास. रोजची फ्लाइट हवी असेल तर एका विमानात होतच नाही, दोन लागतात. त्या दोन विमानांचे दोन दिवसांतले मिळून शहाण्णव तास, त्यातले सत्तर न्यूयॉर्कला गेले, उरलेले पंचवीस-सव्वीस तास ती विमानं काय करणार? मग आम्ही त्या फटीत एखादी दुबई किंवा दिल्ली कोंबतो, कारण उभं विमान नुसतं भाडं खातं. आणि तिकीट मात्र दुप्पट नसतं हे तुम्हाला माहितीच आहे, न्यूयॉर्कचं तिकीट लंडनच्या दुप्पट ठेवलं तर लोक दोहा-दुबईवरून जातात. म्हणजे विमानं दुप्पट आणि उत्पन्न फार तर दीडपट. इथेच बरेच रूट मरतात, लोक भरपूर असून.

वर इंधनाचं एक गणित आहे जे लोकांना सहसा माहीत नसतं. लांब जायचं तर इंधन जास्त न्यायचं, पण ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. पंधरा-सोळा तासांच्या फ्लाइटवर तुम्ही एक टन जादा भरलात तर त्यातलं तीस-चाळीस टक्के ते नुसतं वाहण्यातच संपतं. मुंबई-न्यूयॉर्कला बोइंगचं ७७७-३००ईआर हे मोठं विमान शंभर टनांच्या वर इंधन घेऊन उडतं, विमानाचं जास्तीत जास्त टेकऑफ वजन ३५१ टन, त्यात माणसं आणि कार्गो उरेल त्यात बसवायचे. सोळा तासांच्या फ्लाइटला पायलटही चार लागतात, ते आळीपाळीने झोपतात, आणि तिकडे पोचले की त्यांची हॉटेलं, विश्रांती, परतीचं रोस्टर. हे सगळं लंडनला खूप स्वस्तात होतं.

आता पुण्याकडे येऊ. लोहगावचा रनवे २,५३५ मीटर, विमानतळ हवाई दलाचा, आणि पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणजे तेच विमान उचलायला जास्त लांब रनवे लागतो. नवी मुंबईचा रनवे ३,७०० मीटर आहे, फरक बघा. अमेरिकेपर्यंतच्या इंधनाने भरलेलं मोठं विमान लोहगावहून एप्रिलच्या दुपारी उचलायचं तर सीटा रिकाम्या सोडाव्या लागतील, आणि रिकाम्या सीटांनी न्यूयॉर्क चालत नाही. वेळांचंही हवाई दलाच्या सोयीने बघावं लागतं. म्हणजे थेट अमेरिकेचा प्रश्न आमच्याकडे पैशापर्यंत पोचतच नाही, तो आधीच रनवेवर थांबतो.

पण युरोप? इथे पुण्याचा स्वतःचा इतिहास आहे आणि मला तो फार आवडतो, कारण रूट कसा ठरतो हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या प्रेझेंटेशनमधून कळत नाही. लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं. मोठं विमान नव्हतं, प्रायव्हटएअर नावाच्या स्विस कंपनीचं छोटं बिझनेस-जेट प्रकारचं विमान भाड्याने घेऊन चालवायचे. आता विचार करा, त्या वेळी पुण्यातून सगळ्यात जास्त लोक कुठे जात होते? अमेरिकेला, आयटीवाले. मग फ्रँकफर्ट का? कारण त्याच सुमाराला चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने उभे राहत होते, फोक्सवॅगनचा प्लँट मार्च २००९ मध्ये सुरू झाला, मर्सिडीजही चाकणला आली, आणि त्यांच्या मागोमाग पार्ट बनवणाऱ्या कितीतरी जर्मन कंपन्या. त्यांचे इंजिनियर आणि साहेब लोक दर आठवड्याला ये-जा करत, तिकीट कंपनी काढायची, आणि कंपनीला त्या माणसाचा मुंबईच्या ट्रॅफिकमधला अर्धा दिवस वाचवायचा होता. माणसं थोडी, पण प्रत्येक सीटमागे पैसे भरपूर, आणि वर्षभर सारखी मागणी. छोट्या विमानाला तेवढी माणसं पुरतात. हा रूट मध्ये बंद पडला, पुन्हा सुरू झाला, बरीच वर्षं चालला, पुढे प्रायव्हटएअर स्वतःच २०१८ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. पण पुण्याचा पहिला खरा लांबचा रूट आयटीने नाही, चाकणने आणला, हे लक्षात ठेवा. किती माणसं यापेक्षा कुठली माणसं, कुठल्या वारी, आणि तिकीट कुणाच्या खिशातून, हे बघितलं जातं.

माणसं मोजायची कशी हा वेगळा विषय आहे. एअरलाइन्स बुकिंग सिस्टिमचा डेटा विकत घेतात, त्यात दिसतं की अमुक शहरातून तमुक शहराला महिन्याला किती तिकिटं कापली गेली, कुठून बदलून गेले, सरासरी काय भरले. पण यात पुणेकर दिसतच नाही! कारण पुण्याचा माणूस तिकीट 'मुंबई ते नेवार्क' असं काढतो, कॅबचा प्रवास कुठल्याच सिस्टिममध्ये नसतो. डेटामध्ये तो मुंबईकर. शिवाय जे लोक एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर तिकीट काढतात त्यातला मोठा भाग या डेटात येत नाही, तो अंदाजाने भरावा लागतो. मग आम्ही काय करायचो, तर आमच्याच फ्रिक्वेंट फ्लायर लोकांचे पत्ते काढायचे, मुंबईहून उडालेल्यांपैकी किती पिनकोड ४११ ने सुरू होतात ते मोजायचं, कॉर्पोरेट ट्रॅव्हल एजंटांना जाऊन भेटायचं. पहिल्यांदा मी हे मोजलं तेव्हा आकडा बघून दोनदा फॉर्म्युला तपासला होता, इतके पुणेकर निघाले. तरी त्याचा पुण्याला फायदा झाला नाही, कारण बॉस म्हणाला, 'हे लोक आपल्याकडे मुंबईहून येतातच आहेत, पुण्याहून विमान उडवून आपण आपलंच गिऱ्हाईक आपल्याकडून घेणार, वर एक विमान खर्ची घालणार.' राग आला होता तेव्हा, पण गणित त्याचंच बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट जी लोक नेहमी विचारतात, परदेशी विमानं मुंबईहून रात्री दोन-तीनलाच का निघतात, माणसाचा जीव जातो. याचं उत्तरही रूटच्या गणितातच आहे. लुफ्तान्साच्या मुंबई-फ्रँकफर्ट विमानात फ्रँकफर्टलाच उतरणारे कमी असतात, बाकीचे पुढे शिकागो, बोस्टन, बर्लिन, मिलान असे फुटतात. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच उतरायला बंदी, आणि सकाळी ठरावीक वेळात अनेक विमानं एकदम उतरतात आणि मग एकदम निघतात, त्याला आम्ही बँक म्हणतो. त्या बँकेत पोचायचं तर मुंबईहून मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं. तेच विमान तिकडून दुपारी निघून मुंबईला रात्री येतं, दोन तासात परत, विमान कुठेच फार वेळ उभं नाही. म्हणजे परदेशी एअरलाइन मुंबई निवडते ती 'मुंबई-फ्रँकफर्ट' म्हणून नाही, 'मुंबई ते माझी शंभर शहरं' म्हणून. भारतीय एअरलाइनला हा आधार तिकडच्या टोकाला नसतो, तिला थेट जाणारे लोकच लागतात, किंवा तिकडे कुणाशी तरी कोडशेअर, म्हणजे दुसऱ्या एअरलाइनच्या विमानातल्या सीटा आपल्या नंबरने विकायचा करार. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये पहिल्यांदा लांबचं उडायला सुरुवात केली ती मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-ॲमस्टरडॅमपासून, आणि त्यातलं ॲमस्टरडॅम मला अगदी सरळ पटलं, कारण तिथे केएलएम या डच एअरलाइनचं पुढचं अख्खं जाळं आहे. मँचेस्टरचं कारण वेगळं, उत्तर इंग्लंडमध्ये आपले लोक भरपूर आणि भारतातून थेट विमान नव्हतं, सगळे आखातातून वळसा घालून जात होते. विमानही इंडिगोने विकत घेतलं नव्हतं, नॉर्स अटलांटिककडून क्रूसकट भाड्याने घेतलेलं ७८७, ३३८ सीटचं. नवीन खेळाडूने आधी भाड्याच्या विमानाने बाजार चाखून बघायचा आणि मग एअरबसची स्वतःची मोठी ए३५० विमानं येईपर्यंत शिकून घ्यायचं, मला हा क्रम योग्य वाटतो.

मुंबईकरांना जेट एअरवेजचं सॅन फ्रान्सिस्को आठवत असेल. जून २००८ मध्ये जेटने मुंबई-शांघाय-सॅन फ्रान्सिस्को सुरू केलं, ७७७ विमान, त्या काळातलं सगळ्यात देखणं केबिन. कल्पना चुकीची नव्हती, सिलिकॉन व्हॅलीत आपले लोक, शांघायला धंद्यासाठी जाणारे, दोन बाजार एका विमानात. पण जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, बिझनेस क्लासमधले लोक एका रात्रीत गायब झाले. जानेवारी २००९ मध्ये रूट बंद. सात महिने! आणि मग जेटने आपली मोठी विमानं तुर्किश एअरलाइन्ससारख्यांना भाड्याने दिली, कारण तिथे ती जास्त कमवत होती. वर म्हटलं ना, विमान दुसरीकडे किती कमावतं. नवीन लांबचा रूट रुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी दोन, आधीचे महिने तोटा गृहीत धरूनच चालायचं असतं, आणि त्या काळात बाहेर काही घडलं तर तुमच्याकडे उशी नसते. डेल्टाने २२ डिसेंबर २०१९ ला न्यूयॉर्क-मुंबई थेट सुरू केलं, मार्चमध्ये कोविड. त्याला कुठल्या प्लॅनरने काय करायचं?

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती चूक कागदावर चूक दिसतच नव्हती. मी ज्या भारतीय एअरलाइनमध्ये होतो तिथे युरोपातल्या एका शहराचा रूट माझ्या टीमने बनवला होता. वर्षाची सरासरी घेतली तर विमान ऐंशी टक्के भरणार असं दिसत होतं, आणि भरलंही तेवढंच. तरी तोटा. का, तर तिकडचे बहुतेक आपले नातेवाईकांकडे जाणारे लोक होते. एप्रिल-मेमध्ये आई-वडील मुलांकडे जातात, तेव्हा जाणारं विमान खचाखच आणि येणारं अर्धं रिकामं. डिसेंबरमध्ये मुलं इकडे येतात, तेव्हा उलटं. फेब्रुवारीत दोन्हीकडे शुकशुकाट, तिकीट पडेल त्या भावात काढावं लागलं. भरलेल्या दिशेला भाव वाढवला तर लोक आखातातून जायचे, कारण नातेवाईकांकडे जाणाऱ्याला चार तास जास्त लागले तरी चालतात, वीस हजार रुपये जास्त नाही चालत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. मी दिशा आणि महिना वेगळे न बघता वर्षाचा आकडा बघितला होता. चौदा महिन्यांत रूट बंद झाला. त्या शहरात आम्ही स्थानिक सात माणसं नोकरीला घेतली होती, स्टेशन मॅनेजर मराठी बाई होत्या, नाशिकच्या, वीस वर्षं तिकडे राहिलेल्या, त्यांनी शेवटच्या फ्लाइटला घरून पुरणपोळ्या करून क्रूला दिल्या. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून मी कुठल्याही रूटची वर्षाची सरासरी एकटी बघत नाही, बावन्न आठवडे आणि दोन दिशा असे एकशे चार आकडे बघतो, मगच बोलतो.

कार्गो लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रवाशांच्या पायाखाली विमानाच्या पोटात जो माल जातो, तो बऱ्याच लांबच्या रूटवर नफा आणि तोटा यातला फरक असतो. मुंबईहून औषधं जातात वर्षभर, आणि एप्रिल-मेमध्ये आंबा. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडलं, अट अशी की आधी विकिरण करायचं, ते लासलगावच्या कृषक केंद्रात किंवा वाशीच्या केंद्रात होतं, आणि मग साडेतीन किलोच्या पेट्या पॅलेटवर रचून रात्री विमानतळावर. मी एकदा अशा रात्री कार्गोच्या शेडमध्ये उभा होतो, बाहेर उकाडा, आत हापूसचा वास सगळीकडे, आणि लोड कंट्रोलवाला सांगत होता की आज वारा समोरून जोरात आहे, इंधन जास्त लागतंय, चार पॅलेट खाली राहणार. हापूस दोन दिवस थांबू शकत नाही. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचं वर्षाचं पीक आणि जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून जोरात वाहणारा वारा यांचा असा थेट संबंध असतो, हे मी तिथे बघितलं. युरोपने २०१४ मध्ये हापूसवर बंदी घातली होती आणि ती २०१५ च्या सुरुवातीला उठवली, त्या मोसमात युरोपच्या फ्लाइटच्या पोटातलं उत्पन्न किती घसरलं ते कार्गोवाल्यांना विचारा.

वाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न आकाश बंद होण्याचा. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी अखेरीपासून जुलैपर्यंत आकाश बंद ठेवलं होतं, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारं विमान मग खाली वळून अरबी समुद्रावरून जातं, एक-दीड तास वाढतो, काही अमेरिकेच्या फ्लाइटना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवलं त्याच्या कारणांत हे एक होतं, दुसरं म्हणजे जुनी ७८७ आतून नवीन करायला घेतल्याने विमानं कमी. बघा, परत तेच, विमानं कमी असली की सगळ्यात आधी कात्री लागते ती सर्वात जास्त विमान-तास खाणाऱ्या रूटला. मुंबईला याचा त्रास कमी, कारण आपण तसेही समुद्रावरूनच निघतो. उलट रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपियन आणि अमेरिकन एअरलाइन्सना बंद आहे, भारतीयांना नाही, त्यामुळे युनायटेडने नेवार्क-मुंबई थांबवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सुरू केलं.

कागदपत्रांचंही थोडक्यात सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. कुठलीही एअरलाइन मनाला येईल तिथे उडू शकत नाही, दोन देशांत करार असतो, कुठली शहरं आणि किती सीट. अमेरिकेशी २००५ पासून मोकळं आहे. दुबईशी मात्र आठवड्याला एका बाजूला ६६ हजारांच्या आसपास सीट एवढीच मर्यादा, ती कधीच संपलीय. २०२२ मध्ये यूएईने ५० हजार सीट वाढवून मागितल्या आणि नव्या शहरांच्या मागणीत पुणंही होतं. ते मिळालं असतं तर पुणेकर लोहगावहून दुबईमार्गे अमेरिकेला गेले असते, मुंबई न बघता. सरकार देत नाही कारण मग भारतीय एअरलाइन्सचे थेट रूट उभेच राहणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू कळतात, आखातात काम करताना मी रोज बघायचो की भारतातल्या शहरांतून आलेली माणसं आमच्या टर्मिनलमध्ये कशी फिरतात आणि त्यांच्यावर आमची न्यूयॉर्क-शिकागो कशी चालतात. पण प्रवासी म्हणून विचाराल तर पुण्याला हे मिळायला हवं होतं असंच मी म्हणेन, नागपूरहून कतारची दोहा फ्लाइट आहे आणि विदर्भातल्या माणसाला तिचा किती उपयोग होतो ते मी बघितलंय, पुण्याने काय पाप केलंय.

करार झाला तरी स्लॉट लागतो, म्हणजे उतरायची-निघायची ठरलेली वेळ. लंडनच्या हीथ्रोला तर स्लॉट सोन्याच्या भावात विकले जातात. जेटने २०१३ मध्ये हीथ्रोच्या स्लॉटच्या तीन जोड्या (एक उतरायचा, एक निघायचा) एतिहादला ७ कोटी डॉलरला दिल्या, आणि २०१६ मध्ये ओमान एअरने एकच जोडी साडेसात कोटी डॉलरला घेतल्याच्या बातम्या होत्या. मुंबईतही तीच टंचाई, दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, तरी डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानं हाताळली होती, हे मला आजही थक्क करतं. पण नवीन एअरलाइनला रात्री दोनचा स्लॉट मागा, मिळत नाही. म्हणून नवी मुंबई.

आणि नवी मुंबई आली म्हणूनच पुण्याचं गणित बदललंय, आणि पुणेकरांना आवडणार नाही अशा बाजूला बदललंय. डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. पिंपरी-वाकडवाल्याला एक्सप्रेसवेने पनवेलपर्यंत आलं की पुढे उलवे, जिथे विमानतळ आहे, थोडंच, सायनचा ट्रॅफिक नाही, वाशीचा पूल नाही. जो प्लॅनर पुण्याची फाइल उघडेल तो पहिल्यांदा हेच विचारेल की हे लोक नवी मुंबईहून का नेऊ नयेत, तिथे रनवे लांब, स्लॉट मोकळे, आणि ठाणे-कल्याण-रायगड-पुणे सगळे एकत्र. मीही तेच विचारीन. पुरंदरचा नवा विमानतळ होईल तेव्हा होईल, पण पुण्याहून थेट न्यूयॉर्क पुढच्या दहा वर्षांत येईल असं मला अजिबात वाटत नाही.

युरोपचं मात्र मी दार बंद करणार नाही. कारण विमानं बदलतायत. एअरबस ए३२१एक्सएलआर हे एका मार्गिकेचं विमान, आपण दिल्ली-पुण्याला बसतो त्याच घराण्यातलं, ते ८,७०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं आणि दोनशेच्या आत-बाहेर सीट. इंडिगोने याच विमानावर मुंबई-अथेन्स घेतलं. मोठं विमान भरायला रोज तीनशे माणसं शोधावी लागतात, इथे दोनशे पुरतात, आणि नाही जमलं तर तेच विमान दुसऱ्या दिवशी बँकॉकला लावता येतं, कुणाची नोकरी जात नाही. पुणे-फ्रँकफर्ट पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. लोहगावच्या रनवेवरून उन्हाळ्यात काही सीट सोडाव्या लागतील, पण रात्री थंड हवेत निघालं तर बरंच वजन उचलता येईल, आणि युरोपला रात्रीच निघायचं असतं.

म्हणून कुणी मला विचारलं की पुण्याची फाइल तू उघडलीस तर काय लिहिशील, तर मी लिहीन, आठवड्याला चार, एक्सएलआर, फ्रँकफर्ट किंवा म्युनिक, ज्याचं पुढचं जाळं कोडशेअरला तयार असेल ते. वार सोम-बुध-शुक्र-रवि, कारण चाकणच्या कंपन्यांची माणसं रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी मीटिंगला बसतात आणि शुक्रवारी घरी येतात. सुरुवात ऑक्टोबर अखेरच्या विंटर शेड्यूलला, म्हणजे डिसेंबरची गर्दी पहिल्याच तिमाहीत मिळेल आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत कॉर्पोरेट करार हातात असतील. आयटीवाले बोस्टन-न्यू जर्सीचे कनेक्शन म्हणून सीटा भरतील, आणि फायद्याचं तिकीट चाकणवाला काढेल, २००८ मध्ये काढलं होतं तसंच. चाकणच्या पाच मोठ्या कंपन्यांकडून वर्षाच्या सीटांचं लेखी आश्वासन मिळालं तर मी सही करीन, नाही मिळालं तर फाइल परत कपाटात ठेवीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढीन.